राजमुकुट कोरलेली दुनळी रायफल: मुकुटाआधी काय वाचायचं?

अक्रोडदस्ता
युरोपातल्या लिलावांच्या याद्यांत अधूनमधून एखादी जुनी दुनळी रायफल येते आणि मथळा असतो, 'अमुक राजपुत्रासाठी बनवलेली'. दस्त्याच्या पोटाला सोन्याची अंडाकृती चकती, तिच्यावर मुकुट आणि आद्याक्षरं. फोटोत तीच मोठी करून दाखवलेली असते. पण अख्ख्या बंदुकीत सगळ्यात सहज बदलता येणारा भाग म्हणजे ही चकती. नखाएवढा पत्रा, मागे एक-दोन बारीक पिना. त्यावर मुकुट आज कोरला की १८८० साली, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

म्हणून चकती झाकून वाचायला सुरुवात करावी. आधी अनुक्रमांक. चांगल्या इंग्लिश रायफलीवर तो किमान तीन ठिकाणी असतो: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, चापाच्या कमानीच्या शेपटीवर आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावर. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. नळ्यांवर वेगळा आकडा असेल तर नळ्या दुसऱ्या रायफलीच्या आहेत. चापाच्या कमानीवर सोन्यात '१' किंवा '२' दिसला तर ती जोडीतली एक, आणि दुसरी कुठे आहे हा प्रश्न लगेच विचारायचा.

मग रिबवरचा, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरचा पत्ता. लंडनचे बंदूककार पर्डी १८८२ पर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटला होते, १८८२-८३ मध्ये साउथ ऑडली स्ट्रीटवरच्या ऑडली हाउसमध्ये गेले. रिबवर ऑडली हाउस आणि यादीत '१८७५ ची रायफल' असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे. पेटीतलं लेबल याहून कच्चा पुरावा, कारण पेट्या बदलतात. लेबलावर 'राजघराण्याचे नियुक्त बंदूककार' असं छापलेलं असणं म्हणजे ही रायफल राजघराण्याची, असं अजिबात नाही. तो दुकानाचा मान असतो आणि दुकानातून गेलेल्या प्रत्येक पेटीत तेच लेबल लागतं.

शेवटी निर्मात्याचं दफ्तर. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी या बंदूककारांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. आकड्यासमोर गिऱ्हाइकाचं नाव, बोअर (नळीचा आतला व्यास), नळ्यांची लांबी, दस्त्याची मापं अशा नोंदी सापडतात. कंपनीकडून या नोंदीचं पत्र मागवता येतं. ते पत्र नसेल तर मुकुटाची किंमत शून्य धरून रायफलीची किंमत करावी, असं माझं स्पष्ट मत.

तोफखाना_नगर
सहमत. पण पत्र येईपर्यंत हातात छाप असतात, आणि ते कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतात. नळ्या उतरवून उलट्या करा, ब्रीचजवळच्या (काडतूस भरायच्या टोकाजवळच्या) सपाट भागावर चाचणीगृहाचे, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के दिसतील.

लंडनचा शिक्का: मुकुटाखाली गुंतवलेली जी-पी अक्षरं, सोबत मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का: एकमेकांवर आडवे राजदंड आणि मुकुट. हे बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या जमान्यापासून चालत आलेले. १९०४ नंतर धूरविरहित दारूसाठी एन-पी अक्षरांचे वेगळे शिक्के आले: लंडनचा तलवार धरलेल्या हाताखाली, बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली. कॉर्डाइट या धूरविरहित दारूच्या रायफलीवर बहुतेक वेळा 'कॉर्डाइट ७०-४८० मॅक्स' अशी ओळ असते. ७० ग्रेन (वजनाचं बारीक एकक) कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, याच्या वर जायचं नाही. ही .४५० नायट्रो एक्सप्रेस या धूरविरहित दारूच्या, .४५० इंची बोअरच्या काडतुसाची खूण.

जर्मन रायफल असेल (झूल गाव म्हणजे तिकडची पेठच) तर १८९१ च्या कायद्यानंतर मुकुटाखाली बी, यू आणि जी. यू म्हणजे तपासणी झाली, जी म्हणजे नळीला आटे (आतल्या वळणदार खाचा) आहेत. ऑस्ट्रियन असेल तर धूरविरहित दारूच्या शिक्क्याचं शेवटचं अक्षर गाव सांगतं: एन-पी-एफ फेरलाख, एन-पी-व्ही व्हिएन्ना. बेल्जियन असेल तर लंबगोलात ई-एल-जी, म्हणजे लिएज. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची.

इथे एक घोळ नेहमी होतो. हे शिक्के मुकुटांनी भरलेले असतात आणि नवखा माणूस त्यांनाच राजचिन्ह समजतो. चाचणीगृहाचा मुकुट कवडीच्या भावात विकलेल्या बंदुकीवरही असतो.

दफ्तरी
आद्याक्षरांवरूनही काळ पकडता येतो. व्हिक्टोरिया राणीची अक्षरं 'व्ही आर'. हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून तिची घोषणा १ जानेवारी १८७७ ला झाली, त्यानंतर 'व्ही आर आय'. म्हणजे १८७३ च्या रायफलीवर 'व्ही आर आय' दिसलं तर कोरीवकाम नंतरचं आहे. सातव्या एडवर्डची स्वतःची राजाक्षरं १९०१ नंतरच येऊ शकतात. त्याआधी तो प्रिन्स ऑफ वेल्स, त्याचं चिन्ह तीन शहामृगी पिसांचा तुरा.

तुऱ्यात मात्र फसायला जागा आहे. तो पदाचा असतो, माणसाचा नाही. १८४१ ते १९०१ एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज होणारा जॉर्ज १९१० पर्यंत, मग त्याचा मुलगा. तिघांपैकी कोण, हे रायफलीची बनावट सांगते. बाहेर दिसणारे घोडे (चाप ओढल्यावर पडणारे हातोडे) आणि रायफल उघडायचा खालून फिरणारा दांडा असेल तर १८६०-७० च्या दशकांचा अंदाज. अँसन आणि डीली यांचं बिनघोड्यांचं लॉक (बार उडवणारी यंत्रणा) १८७५ चं, तेव्हा बिनघोड्यांची बॉक्सलॉक (त्याच धर्तीच्या लॉकची रायफल) आणि सांगितलेलं साल १८६८, हे जमत नाही. हॉलंडने 'रॉयल' हे नाव १८८५ मध्ये नोंदवलं. आणि 'रॉयल' हे मॉडेलचं नाव आहे. पैसे मोजणाऱ्या कुणालाही ती मिळायची. याद्यांतून 'रॉयल रायफल' वाचून लोक थेट राजवाड्यात पोचतात.

कोकणकडा_२
दौऱ्यांच्या तारखा लावल्या तर आणखी चाळण होते. एडवर्ड ८ नोव्हेंबर १८७५ ला सेरापिस जहाजाने मुंबईला उतरला आणि १८७६ च्या वसंतात परतला. मधे जयपूर, नेपाळची तराई. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड जानेवारी १८९३ मध्ये मुंबईला आला, तिथून हैदराबाद वगैरे. .४५० नायट्रो एक्सप्रेस रिग्बीने आणली १८९८ मध्ये. त्यामुळे कॉर्डाइटची मूळ .४५० दुनळी 'प्रिन्सच्या हिंदुस्थान दौऱ्यातली' किंवा 'आर्चड्यूकच्या हैदराबादच्या शिकारीतली' असूच शकत नाही. त्या दौऱ्यांत शोभेल ती काळ्या दारूची एक्सप्रेस, म्हणजे हलकी गोळी वेगात मारणारी जुनी रायफल.

जर्मन कैसर दुसरा विल्हेल्म याच्या नावाने जड दुनळी दाखवली तर आणखी एक प्रश्न विचारा. त्याचा डावा हात जन्मापासून अधू आणि सुमारे १५ सेंटीमीटर आखूड होता. पाच किलोची दुनळी तो पेलणार कशी? त्याच्यासाठी खरंच बनवलेल्या बंदुकीत वजन, दस्ता, पकड यांत काहीतरी सोय केलेली दिसायला हवी. सर्वसाधारण मापाचा दस्ता आणि वर 'डब्ल्यू'चा मुकुट असेल तर फार तर ती त्याने कुणाला तरी दिलेली भेट.

सुतारपक्षी
माझा प्रश्न यंत्राच्या बाजूचा. दुनळी शॉटगन आणि दुनळी रायफल यांच्या किमतीत एवढं अंतर का? दोन्हींत दोन नळ्या, दोन लॉकं, एक दस्ता. नुसत्या आट्यांचा खर्च एवढा?

कथील_पितळ
आट्यांचा नाही. खर्च दोन नळ्या एका जागी मारायला लावण्याचा. जाणकार याला रेग्युलेशन म्हणतात, आणि राजाची रायफल असो वा चहामळेवाल्याची, तिची खरी प्रत इथेच ठरते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. ब्रीचकडून तोंडाकडे येताना त्या एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. उजवी नळी उडते तेव्हा धक्का मध्यरेषेच्या उजवीकडून बसतो, आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल वर आणि उजवीकडे वळायला लागलेली असते. डावी उडाली की वर आणि डावीकडे. या वळणाचा हिशेब करून नळ्या आत झुकवायच्या. हिशेब कागदावर पुरा होत नाही, कारण वळण किती हे रायफलीचं वजन, दस्त्याचा आकार, गोळीचं वजन आणि वेग या सगळ्यांवर ठरतं.

म्हणून कारागीर काय करतो: ब्रीचकडचा सांधा पक्का करतो. तोंडाकडे दोन नळ्यांच्या मधे छोटी पाचर घालतो, बाहेरून तारेने आवळतो आणि कथलाच्या कच्च्या डाखाने धरून ठेवतो. मग ठरलेल्या काडतुसाने उजवी-डावी उडवून पाहतो, आणि जोड्यांच्या मधे नळ्या गार होऊ देतो, कारण तापल्या नळ्यांचा निशाणा सरकतो. उजवीच्या गोळ्या उजवीकडे आणि डावीच्या डावीकडे जात असतील तर तोंडं अजून जवळ आणायची. उजवीच्या गोळ्या डावीच्याही डावीकडे पडत असतील, म्हणजे फुली होत असेल, तर तोंडं लांब करायची. दर वेळी डाख तापवून मऊ करायचा, पाचर केसभर सरकवायची, गार होऊ द्यायचं, पुन्हा उडवायचं. एक नळी वर आणि एक खाली मारत असेल तर काम आणखी किचकट, कारण मग एक नळी दुसरीच्या तुलनेत उचलावी लागते आणि ते करताना आडवं जुळलेलं बिघडतं. १०० यार्डांवर दोन्ही नळ्यांच्या मिळून चार गोळ्या दोन-तीन इंचांत आल्या की मग रिब कायमच्या झाळायच्या.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: रायफल ज्या काडतुसासाठी जुळवली त्याच्याशीच ती इमानदार असते. गोळी मूळच्यापेक्षा मंद असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते, तोवर रायफल जास्त वळते आणि निशाणे फाकतात. गोळी वेगवान असेल तर फुली होते. फाकणं आणि फुली पाहून काडतूस कुठल्या बाजूला चुकलं ते कळतं. तेव्हा 'दोन नळ्या एका जागी मारत नाहीत, रायफल बिघडली' असं लगेच म्हणू नये.

दुसरी: नळ्या तोंडाकडून कापलेल्या असतील तर रेग्युलेशन गेलं. तोंडाकडून पाहा. दोन नळ्यांच्या मधे पाचर नीट बसलेली, झाळलेली दिसली पाहिजे. तिथे पोकळी दिसली किंवा नवा चकचकीत डाख दिसला, तर दफ्तरातली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी मोजून बघा.

सुतारपक्षी
हे वाचून किंमत समजली. मग हिंदुस्थानच्या उन्हात काय व्हायचं? लंडनच्या थंडीत जुळवलेली रायफल इथे मे महिन्यात वेगळीच वागणार.

कथील_पितळ
वागायची. कॉर्डाइटचा दाब उष्णतेने वाढतो. काडतूस तापलं की गोळी वेगवान, म्हणजे फुलीकडे झुकणार. त्याहून वाईट म्हणजे जास्त दाबाने रिकामं काडतूस नळीत चिकटणार. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कमी कॉर्डाइट भरलेली काडतुसं वेगळी विकायचे आणि रायफल मागवतानाच कुठे वापरणार ते सांगितलं जायचं. दफ्तरात हिंदुस्थानची नोंद असेल तर रेग्युलेशन बहुधा त्या भरणीवर केलेलं.

तोफखाना_नगर
बोअरवरही हिंदुस्थानचा मोठा परिणाम आहे, तो इथे नोंदवतो. सरकारने .४५० बोअर इथे बंद केलं. सुदानातही तसंच. कारण मार्टिनी-हेन्री ही लष्करी रायफल .५७७/४५० ची, आणि तेवढ्या जाडीच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही धास्ती. या मनाईमुळे इंग्लिश कारखान्यांना नवी बोअरं काढावी लागली: हॉलंडचं .४६५ हे १९०७ चं, शिवाय .४७०, .४७५ नंबर २, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६. आज जिला आफ्रिकेची खास रायफल म्हणतात त्या .४७० च्या जन्मामागे हिंदुस्थानचा बंदी हुकूम आहे. त्यामुळे '१९१२ साली हिंदुस्थानात मागवलेली .४५०' असं वर्णन दिसलं तर खास परवानगी होती का, ते विचारावं.

अक्रोडदस्ता
आणि आता धोक्याचं, ठळक अक्षरांत लिहावं असं. .४५० ची काळ्या दारूची एक्सप्रेस आणि .४५० नायट्रो एक्सप्रेस, दोन्हींचं काडतूस सव्वातीन इंची. रिग्बीने जुन्याच कवचात कॉर्डाइट भरलं. म्हणजे कॉर्डाइटचं काडतूस काळ्या दारूच्या रायफलीत अलगद बसतं. जुन्या भरणीत सुमारे १२० ग्रेन काळी दारू आणि २७० ते ३६५ ग्रेनची गोळी. नव्यात ४८० ग्रेनची गोळी २,१५० फूट सेकंदाला. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळ्यांच्या, १८७० च्या रायफलीत हे काडतूस उडवलं तर नळी नाही फुटली तरी बिजागरी ढिली होणार, दस्त्याला भेग जाणार. बसतंय म्हणून चालतंय असं समजू नये. नायट्रोचा शिक्का नसेल तर ती काळ्या दारूची रायफल, मग मालक कोणीही असो. मधल्या काळात 'काळ्या दारूच्या रायफलीसाठी नायट्रो' अशी हलकी काडतुसंही निघाली होती. ती वेगळी, आणि पेटीवर तसं छापलेलं असायचं.

जुईनगर
फोटो नाही, प्रत्यक्ष रायफल समोर आहे आणि अर्धा तास आहे. काय तपासावं?

कथील_पितळ
आधी ती रिकामी आहे का हे उघडून स्वतः पाहा. मग नळ्या उतरवा, खालच्या लोखंडी हुकापाशी बोटावर टांगा आणि लाकडाच्या हलक्या ठोक्याने वाजवा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर रिब घट्ट. बदबद किंवा झणझण आली तर डाख सुटलाय. यामागचं नेहमीचं कारण म्हणजे नळ्या पुन्हा काळ्या करताना कुणीतरी त्या गरम कॉस्टिकच्या (तीव्र क्षाराच्या) हौदात बुडवल्या. कॉस्टिक कथलाचा डाख खातं. झाळलेल्या नळ्यांना हळूहळू गंज चढवून काळं करायची जुनी पद्धतच चालते.

मग पुढचं लाकूड काढून नळ्या बसवा आणि बंद रायफल हलवून पाहा. लाकूड असताना ते नळ्यांना दाबून धरतं, ढिलाई लपते. उजेडासमोर धरा, ब्रीचच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तर बिजागरी झिजलीय.

स्क्रूंची डोकी भिंगाखाली बघा. मूळ खाचा कागदासारख्या बारीक आणि सगळ्या नळीच्या दिशेने ओळीत असतात. कडा दबलेल्या, खाच आडवी-तिडवी, म्हणजे चुकीच्या पेचकसाने कुणी आत शिरलंय. नक्षी बोटाने चाचपा: वेलबुट्टीची धार बोटाला लागली पाहिजे. गुळगुळीत लागली तर पॉलिश झालंय. आणि नक्षी झिजलेली पण मुकुट टवटवीत, हे दिसलं तर तिथेच थांबा.

अक्रोडदस्ता
लाकडात भर घालतो. दस्त्याच्या मनगटाला आणि लॉकच्या मागच्या टोकाला भेगा शोधा. तिथलं अक्रोड काळं, मऊ पडलेलं असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलंय. रायफल तोंड वर करून ठेवली की तेल उतरून लाकडातच येतं. म्हणून साठवताना तोंड खाली.

कोकणात, मुंबईत तर मूळ चामडी पेटीत रायफल कधीच ठेवू नये. चामडं आणि आतलं लोकरी कापड ओल धरतात, आणि चामड्यातल्या आम्लाने नळीवर पेटीच्या आकाराचेच गंजाचे पट्टे उमटतात. पेटी वेगळी, रायफल वेगळी, हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, तो सुती हातमोजे घालून. जुनी प्रायमरं (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोप्या) क्लोरेटची होती, त्यांचा क्षार फक्त पाण्यात विरघळतो. नळीत तो उरला असेल तर नुसतं तेल मारून गंज थांबत नाही. आधी कडकडीत पाणी, मग पूर्ण कोरडं, मग तेल. लॉकच्या पत्र्यावर निळसर-तपकिरी ढग दिसत असतील तर त्यावर कसलंही पॉलिश नको. तो रंग एकदा गेला की गेला.

जुईनगर
आणि कायदा? घरात आजोबांच्या काळापासून अशी एखादी असेल तर 'पुराणवस्तू' म्हणून परवाना लागत नाही, असं ऐकलंय.

दफ्तरी
अर्धवट ऐकलंय. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ ची सूट जुन्या धर्तीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या शस्त्राला आहे, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. चालती किंवा दुरुस्त होऊ शकणारी दुनळी म्हणजे बंदूकच, मग ती दीडशे वर्षांची का असेना. परवाना लागतो, वारसाने नावावर करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका, हेही लक्षात घ्या. काही दुनळ्या .३०३ च्या आहेत, ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, तिथे प्रश्न आणखी कठीण.

परदेशी विकायचा विचार असेल तर पुरावशेष कायदा १९७२: शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. सूट मिळावी म्हणून नळ्यांत धातू ओतून वेल्डिंग करून घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा. ते एकदा केलं की रेग्युलेशन, नळी, किंमत सगळं संपतं.

कोकणकडा_२
मूळ मुद्द्यावर एक खरं उदाहरण देतो, 'राजघराण्यासाठी बनवलेली' याचे अर्थ वेगळे करायला. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची एक दुनळी रायफल व्हिक्टोरिया राणीने १८७३ च्या नाताळात आपला सेवक जॉन ब्राउन याला भेट दिली. राजघराण्याने मागवलेली, पैसे राजघराण्याचे, पण खांद्याला लावणारा स्कॉटिश गडी. तिचा दस्ता ब्राउनच्या मापाचा असणार, राणीच्या नाही. राजाने वापरलेली, राजाने दिलेली आणि राजाला कुणीतरी दिलेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत एकच वाक्य असतं.

अक्रोडदस्ता
बरोबर, म्हणूनच पत्र मागवताना फक्त 'गिऱ्हाईक कोण' एवढंच विचारू नका. आकडा कळवून दस्त्याची लांबी, नळ्यांची लांबी आणि रेग्युलेशनची भरणी या तीन नोंदी मागा. दस्त्याची लांबी पुढच्या चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या तळाच्या मध्यापर्यंत मोजतात. रबरी पॅड नंतर बसवलेला असेल तर तो वजा करून. ही तीन मापं वहीशी जुळली तर मग चकती उघडून मुकुट पाहायला हरकत नाही.